सिमेंटचा पत्रा, घाटकोपरचा कारखाना आणि चाळीस वर्षांची वही

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या डोक्यावरचा आहे. म्हणजे अक्षरशः डोक्यावरचा, घराच्या पत्र्याचा.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला वाटूर परिसरात वादळ झालं, तेव्हा बऱ्याच जणांच्या गोठ्यावरचे, शेडवरचे सिमेंटचे पत्रे फुटले. फुटलेले तुकडे कोणी वाटेवरच्या चिखलात टाकले, कोणी बांधावर. गावच्या ग्रुपवर मी लिहिलं की हे तुकडे असे कुटून टाकू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्यानं फुप्फुसाचा कॅन्सर होतो. लगेच उत्तर आलं, "भाऊ, आमच्या घरावर तीस वर्षं झाली पत्रा आहे. कोणाला काय झालं?"

प्रश्न रास्त आहे. टिंगल म्हणून विचारला असेल तरी रास्त आहे. कारण हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये विचारला गेला, पुढे आफ्रिकेत विचारला गेला आणि आपल्या मुंबईत घाटकोपरलाही विचारला गेला. त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून ही पोस्ट.

आधी आपल्याकडचं बघू. आपल्या मराठवाड्यात जुनी घरं माळवदाची. दगड-मातीच्या भिंती, सागाच्या नाहीतर लिंबाच्या तुळया, वर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात थंडगार. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि त्यातली कितीतरी त्याच जड माळवदाखाली आणि दगडी भिंतीखाली दबून गेली. तेव्हापासून माळवदाची धास्ती बसली. ज्याला स्लॅब परवडला त्यानं स्लॅब टाकला, बाकीच्यांनी पत्रे. पत्र्यातही दोन प्रकार. टिनाचा पत्रा तापतो, गंजतो, पावसात कान किटतात. सिमेंटचा पत्रा त्या मानानं कमी तापतो, गंजत नाही, स्वस्त पडतो. म्हणून गोठा असो, कांदाचाळ असो, पिठाची गिरणी असो की हॉटेल, सिमेंटचा पत्रा सगळीकडे पोचला.

आपण त्याला 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो, आणि तिथंच खरी गोम आहे. नुसत्या सिमेंटचा एवढा पातळ पत्रा उभाच राहणार नाही, हातात घेतला की तुटेल. मातीच्या भिंतीत आपण भुसा घालतो ना, तसे त्यात धागे घालावे लागतात. ते धागे म्हणजे ॲस्बेस्टॉस. शंभर किलोच्या पत्र्यात साधारण आठ-दहा किलो. हा खाणीतून निघणारा दगडच आहे, पण असा दगड की पिंजला तर कापसासारखा होतो. जळत नाही, कुजत नाही, सूत काढून कापड विणता येतं. आणि एकदा त्याची बारीक कूस श्वासातून फुप्फुसात गेली की शरीर तिला ना विरघळवू शकतं, ना धड बाहेर टाकू शकतं. ती कूस तिथेच रुतून राहते. वर्षानुवर्षं.

आता इतिहास.

इंग्लंडमध्ये रोचडेल नावाचं गाव आहे, कापडगिरण्यांचं. तिथे टर्नर ब्रदर्स नावाची कंपनी ॲस्बेस्टॉसचं सूत कातायची. १८९८ सालीच लुसी डीन नावाच्या सरकारी महिला कारखाना निरीक्षकानं आपल्या अहवालात लिहून ठेवलं होतं की ही धूळ आरोग्याला घातक आहे. अहवाल फायलीत गेला. रोचडेलच्या त्या कारखान्यात नेली केरशॉ नावाची कामगार बाई होती. लहानपणापासून गिरणीत. ती आजारी पडली. कंपनी म्हणाली, आजार आमच्यामुळे नाही, आम्ही पैसे देणार नाही. विमा मंडळ म्हणालं, आजार कामामुळे झाला, तेव्हा कंपनीकडे जा. दोन्हीकडून काहीच न मिळता १९२४ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी ती गेली. डॉक्टर कुक यांनी तिची फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर त्यात ॲस्बेस्टॉसचे कण. वैद्यकीय मासिकात ते छापून आलं आणि पुढे या आजाराला नावही मिळालं, ॲस्बेस्टॉसिस. म्हणजे फुप्फुस आतून चिवट होत जाणं, दम लागत जाणं.

सरकारनं चौकशी केली. १९३० साली अहवाल आला, १९३१ साली धुळीवर नियंत्रणाचा कायदा झाला. तारीख लक्षात ठेवा. १९३१. आपल्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं. त्या काळात इंग्लंडच्या सरकारला आणि कंपनीला माहीत होतं की ही धूळ माणूस मारते.

कॅन्सरचं पुढे कळलं. १९५५ साली रिचर्ड डॉल या संशोधकानं त्याच रोचडेलच्या कामगारांच्या नोंदी तपासून दाखवलं की जुन्या कामगारांत फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण फार जास्त आहे. हा लेख छापला जाऊ नये म्हणून कंपनीनं प्रयत्न केले, तरी तो छापला गेला. मग १९६० साली दक्षिण आफ्रिकेतून वॅगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. मेसोथेलिओमा नावाचा फुप्फुसाच्या आवरणाचा दुर्मिळ कॅन्सर. त्यांना ३३ रुग्ण सापडले, आणि जवळजवळ सगळ्यांचा संबंध ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्याशी. यात अंगावर काटा आणणारी गोष्ट अशी की त्यातले काही जण खाणीत कधीच कामाला नव्हते. ते नुसते खाणीच्या गावात राहिले होते, लहानपणी त्या ढिगाऱ्यांवर खेळले होते.

ग्रुपवरच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. खेळले तेव्हा काही झालं नाही. लग्नं झाली, लेकरं झाली, तरी काही झालं नाही. मेसोथेलिओमा धूळ श्वासात गेल्यावर वीस ते पन्नास वर्षांनी उगवतो. तीस वर्षं काही झालं नाही, याचा अर्थ धोका नव्हता असा होत नाही. विहिरीत टाकलेल्या विषासारखं हे लगेच दिसत नाही, म्हणून तर ते इतकी वर्षं विकलं गेलं.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ.

टर्नर ब्रदर्सची पुढे टर्नर अँड न्यूऑल झाली, ॲस्बेस्टॉसच्या धंद्यातली ब्रिटनमधली सर्वांत मोठी कंपनी. १९३४ साली तिनं भारतात ॲस्बेस्टॉस सिमेंट नावाची कंपनी काढली. मध्य प्रदेशात कैमोरला कारखाना, पुढे आपल्या मुलुंडलाही. आणि १९५० च्या दशकात घाटकोपरला आता ज्याला एलबीएस मार्ग म्हणतात त्या रस्त्यावर हिंदुस्थान फेरोडो हा कारखाना उभा राहिला. तिथे ॲस्बेस्टॉसचं सूत, कापड आणि गाड्यांचे ब्रेक लायनर बनायचे.

जुन्या ड्रायव्हर मंडळींना 'फेरोडो' हा शब्द ठाऊक असेल. ते नाव हर्बर्ट फ्रूड या इंग्रज माणसाच्या आडनावातली अक्षरं फिरवून बनलं. असं सांगतात की उतारावर बैलगाडीसारख्या गाड्यांच्या चाकाला शेतकरी जुना बूट दाबून ब्रेक लावतात हे बघून त्याला ब्रेक लायनरची कल्पना सुचली आणि १८९७ साली त्यानं धंदा सुरू केला. कल्पना झकास होती. पुढे लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आलं, कारण ते घर्षणानं जळत नाही.

आपल्या वाटूर फाट्यावरून जालना, मंठा, परतूर अशा तिन्ही दिशांना वाहनं जातात. गॅरेजवाले आपलेच पोरं. ब्रेक ड्रम उघडला की आतली काळी पूड हवेच्या पाईपनं फुस्स करून उडवायची, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. जुन्या लायनरच्या त्या पुडीत ॲस्बेस्टॉस असायचं. आता ॲस्बेस्टॉसविना लायनर मिळतात, पण जुन्या गाड्या आणि स्वस्त सुटा माल अजून फिरतोच.

घाटकोपरच्या कारखान्यात कामगार तीस-तीस वर्षं धुळीत राबले. मालकी बदलली, नाव बदलून हिंदुस्थान कंपोझिट्स झालं. दम लागला की डॉक्टर म्हणायचे टीबी, नाहीतर दमा, नाहीतर बिडी सोडा. बिडी सोडायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखू एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका बेरजेनं नाही, जवळपास गुणाकारानं वाढतो. पण बिडीच्या नावावर सगळं ढकललं की कारखाना सुटतो, हेही तितकंच खरं.

लढा दोन वाटांनी झाला. एक कोर्टाची. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्रानं १९८६ साली ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी सुप्रीम कोर्टात याचिका केली. नऊ वर्षांनी, २७ जानेवारी १९९५ ला निकाल लागला. न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी लिहिलेल्या त्या निकालात कोर्ट म्हणालं की कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही. आजार सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई द्या, असा आदेश झाला. आणि आणखी एक आदेश, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवायची.

चाळीस वर्षांची वही! कोर्टानं आजाराचा स्वभाव ओळखला होता. आजार जर तीस वर्षांनी उगवणार असेल, तर पुरावाही तितकी वर्षं टिकला पाहिजे.

दुसरी वाट दवाखान्याची. कोर्टाचा आदेश कागदावर असून काय, कामगाराला हा आजार ॲस्बेस्टॉसिसच आहे असं लिहून देणारा डॉक्टर तर पाहिजे. मुंबईत व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा केंद्र नावाची एक छोटी संस्था कामगार कार्यकर्ते आणि काही डॉक्टरांनी मिळून चालवली. तिथले डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी घाटकोपरच्या कामगारांची स्वतंत्र तपासणी केली. कामाचा इतिहास विचारला, छातीचे फोटो काढले, श्वासाची चाचणी केली. १८१ जण तपासले, त्यातल्या ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. म्हणजे पाचातल्या एकाहून जास्त. २००५ साली हा अभ्यास आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मासिकात छापून आला. त्यात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली. देशात अंदाजे एक लाख कामगार ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आहेत, आणि तोवर भरपाई मिळाली होती तीसहूनही कमी जणांना.

लाखात तीस. आजार नव्हता म्हणून नाही. आजाराला त्याच्या नावानं कोणी हाक मारत नव्हतं म्हणून.

तोवर मूळच्या मायदेशात काय झालं? ब्रिटननं १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. दाव्यांच्या ओझ्याखाली टर्नर अँड न्यूऑल २००१ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. २००५ पासून सगळ्या युरोपीय संघात बंदी. कॅनडा, जो वर्षानुवर्षं आपल्याला हा माल विकत होता पण स्वतःच्या घरात वापरत नव्हता, त्यानंही २०१८ साली बंदी केली. आज साठाहून अधिक देशांत बंदी आहे.

आणि आपण? आपल्या सरकारनं ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणं आणि जुन्यांचं नूतनीकरण थांबवलं, कारण खाणकाम घातक. पण तोच माल बाहेरून लाखो टन आणायला मुभा आहे. खणणं घातक आणि कापणं सुरक्षित, हे गणित मला तरी सुटलेलं नाही. २०११ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत पांढऱ्या ॲस्बेस्टॉसला धोकादायक मालाच्या यादीत घालायला भारतानं होकार दिला, कॅनडानं अडवलं. २०१३ साली भारतानंच विरोध केला. त्याच २०११ साली बंदी मागणारी एक याचिका सुप्रीम कोर्टानं फेटाळली, मात्र १९९५ च्या आदेशांचं पालन करा हे बजावलं.

कंपन्यांची बाजूही मांडतो, एकतर्फी नको. ते म्हणतात, आता फक्त पांढरं ॲस्बेस्टॉस वापरतो, ते निळ्यासारखं वाईट नाही. धागा सिमेंटात बांधलेला असतो, सुटत नाही. आणि गरिबाला एवढं स्वस्त छप्पर दुसरं नाही. यातली शेवटची गोष्ट खरी आहे, म्हणून तर आपण घेतो. पण जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था सांगते की ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी, पांढऱ्यानंही, कॅन्सर होतो. आणि सिमेंटात बांधलेला धागा सुटत नाही हे पत्रा धड असेपर्यंत. घाबरवायचं म्हणून मी लिहीत नाही. धड, न फुटलेल्या पत्र्याखाली बसलं म्हणजे लगेच काही होत नाही. धोका पत्रा कापताना आहे, भोक पाडताना आहे, फोडताना आहे, झिजून पूड व्हायला लागल्यावर आहे.

आणि हे काम कोण करतं? इथेच माझा खरा मुद्दा आहे.

रोचडेलला कारखान्याच्या नोंदी होत्या, म्हणून डॉलना कॅन्सर पकडता आला. घाटकोपरला हजेरीपट होता, पगाराची पावती होती, युनियन होती, म्हणून ४१ जणांचा आजार नावानिशी उभा राहिला. या सगळ्या लढ्यात जिथे जिथे कामगार जिंकला, तिथे त्याच्या हातात एखादा कागद होता. आता आपल्या पोरांचं बघा. आज मंठ्याला शेड ठोकलं, उद्या जालन्याला रोलिंग मिलच्या बाजूला, परवा पुण्याला. मुकादमाच्या मागं जायचं, ग्राइंडरनं पत्रा कापायचा, तोंडाला फार तर उपरणं, संध्याकाळी पैसे रोख. ना हजेरी, ना पावती, ना ईएसआयचं कार्ड. चाळीस वर्षांची वही सुप्रीम कोर्टानं लिहायला सांगितली, पण ती कारखान्याच्या फाटकाच्या आतच राहिली. पत्रा फाटकाबाहेर आला, वही नाही आली.

तीस वर्षांनी यातल्या एखाद्याला दम लागेल, डॉक्टर विचारतील बिडी ओढता का, आणि विषय संपेल. "आमच्या घरावर तीस वर्षं पत्रा आहे, कोणाला काय झालं?" याचं दुसरं उत्तर हेच. कोणाला काय झालं हे आपण कधी मोजलंच नाही. ज्याची नोंद नाही, ते झालंच नाही असं धरलं जातं.

हे फक्त ॲस्बेस्टॉसचं नाही. खडी क्रशरवरची दगडाची पूड, वेल्डिंगचा धूर, डिझेलचा धूर, सुताराच्या यंत्रावरचा बारीक भुसा, हे सगळं त्याच संस्थेच्या कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या यादीत आहे. आपल्या जिल्ह्यातली किती पोरं यातलं एखादं काम करतात ते तुम्हीच आठवा.

म्हणून चार गोष्टी सांगतो. यातल्या एकीलाही सरकारी निधी लागत नाही.

एक, फुटका सिमेंट पत्रा कुटून रस्त्यावर, अंगणात, शेतात टाकू नका. ओला करा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, लेकरं-जनावरं जाणार नाहीत अशा एका जागी ठेवा. गावाची अशी एक जागा ठरवावी, हा विषय मी येत्या ग्रामसभेत लेखी देणार आहे. सोबत सही करायला या.

दोन, पत्रा काढायचा असेल तर ओला करून, नट-बोल्ट सोडवून अख्खा उतरवा. ग्राइंडर लावू नका. पडलेली पूड कोरड्या झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. साधं उपरणं ही धूळ अडवत नाही, पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क लागतो. कामाचे कपडे घरात झटकू नका. नवऱ्याचे कपडे धुऊन आजारी पडलेल्या बायका या इतिहासात आहेत.

तीन, नवीन छप्पर घेताना दुकानदाराला सरळ विचारा, यात ॲस्बेस्टॉस आहे का. रंगीत स्टीलचे पत्रे आहेत, ॲस्बेस्टॉसविना सिमेंटचे पत्रेही निघालेत. थोडे महाग पडतात, हे मान्य. शाळा, अंगणवाडी, दवाखाना यांच्या नव्या कामात तरी हा माल लागू नये, एवढा ठराव ग्रामपंचायत करू शकते.

चार, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. वही करा. दहा रुपयांची वही. कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणाकडे, काय काम केलं, धूळ कशाची होती, एवढं लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांचंही लिहा, मुंबईला कोणत्या कारखान्यात होते, किती वर्षं. दम, कोरडा खोकला घेऊन दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा की मी हे काम केलंय. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्यानं डॉक्टरांनी सरकारला कळवायचा आजार आहे. पण तुम्ही कामच सांगितलं नाही तर ते तरी काय कळवतील?

ज्यांच्या घरातलं कोणी घाटकोपर, मुलुंड किंवा अशा कारखान्यांत कामाला होतं, त्यांनी कमेंटमध्ये फक्त साल आणि कामाचा प्रकार लिहा. आजाराची खासगी माहिती उघड्यावर नको, ती मला वेगळी कळवा. गॅरेजवाल्या आणि शेड ठोकणाऱ्या मित्रांपर्यंत ही पोस्ट पोचवा, ते फेसबुक कमी वाचतात, म्हणून वाचून दाखवा.

ग्रामसभेची तारीख कळली की इथेच टाकतो.